डाऊनची स्लीपिंग बॅग घरी धुवायची आहे, मृग लागायच्या आत वाळेल का? (ठाणे)

घोडबंदरचा_ट्रेकर, ठाणे पश्चिम (२४ मे)

नमस्कार मंडळी, जरा घाईत विचारतोय कारण दिवस कमी आहेत. मागच्या आठवड्यात हर की दून करून आलो, बाबा पण होते बरोबर, रिटायर झाल्यावरचा त्यांचा पहिला हिमालय. ट्रेक मस्त झाला पण शेवटच्या दोन रात्री टेंटला आतून पाणी सुटत होतं आणि सकाळी स्लीपिंग बॅगेचा पायाकडचा भाग दमट लागायचा. सांकरीला, म्हणजे ट्रेक संपतो त्या गावाला उतरलो त्या दिवशी पाऊस, मग तशीच पिशवीत कोंबली, पुढे डेहराडून, मग ट्रेन, घरी पोचल्यावर पण एक दिवस थकून तशीच पडून राहिली. उघडली तर कुबट वास, आणि पायाकडे हात लावला तर आतले गोळे बोटाला लागतात, पूर्वीसारखी फुगतच नाहीये.

बॅग डाऊनची, म्हणजे आत पिसांचा मऊ भराव असलेली आहे, ६५० फिल पॉवर (डाऊन किती फुगतं त्याचं माप), चार वर्षं झाली, पहिल्या बोनसमधून घेतलेली म्हणून जीव आहे तिच्यावर. आजपर्यंत एकदाही धुतलेली नाही, आणि प्रत्येक ट्रेकनंतर तिच्याच छोट्या पिशवीत घट्ट भरून माळ्यावर टाकायचो. आतलं वॉशिंगचं लेबल पुसट झालंय, वाचता येत नाही.

आता अडचण अशी की घरी सात किलोचं टॉप लोड मशीन आहे. आई म्हणते ड्रायक्लीनला दे. खालच्या लाँड्रीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला ब्लँकेटसारखंच करतो, उद्या संध्याकाळी घेऊन जा, ते ऐकून मलाच धीर झाला नाही. चौदाव्या मजल्यावर राहतो, बाल्कनीला कबुतरांची जाळी आहे आणि खाली रस्त्याच्या कामाची धूळ दिवसभर वर येते. गच्चीवर टाकली तर मध्येच वळीव येईल ही भीती. मृगाला जेमतेम दोन आठवडे उरलेत. आता धुवू, की तशीच ठेवून ऑक्टोबरात धुवू? कोणी स्वतः केलं असेल तर नीट सांगा, डिसेंबरात बाबांना परत घेऊन जायचंय.

नेरूळ_गिअररूम (२४ मे)

ऑक्टोबरपर्यंत अजिबात थांबू नका. दमट आणि मळलेली बॅग आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात कपाटात राहिली तर काळे ठिपके पडणार आणि ते मग धुवून पण पूर्ण जात नाहीत. आमच्या ट्रेक ग्रुपच्या २२ बॅगा माझ्याकडे असतात, त्यातल्या सहा डाऊनच्या, गेली नऊ वर्षं मीच धुतो आणि मीच वाळवतो, त्यामुळे जे सांगतोय ते हाताने केलेलं आहे.

पण धुवायच्या आधी एक काम आजच करा. बॅग पिशवीतून काढा, चेन पूर्ण उघडा, उलटी करा आणि हॉलमध्ये कपड्यांच्या स्टँडवर आडवी पसरून पंखा लावून ठेवा, दोन दिवस तरी. मग सामान मोजायचा लटकवायचा काटा असेल ना, प्रवासाला नेतो तो, त्यावर बॅग मोजा आणि आकडा लिहून ठेवा. हा आकडा फार कामाला येतो. धुतल्यावर बॅग वाळली की नाही हे हाताला कळत नाही, वरचं कापड एका तासात कोरडं होतं आणि आतलं डाऊन दोन दोन दिवस ओलं असतं. वजन परत त्या आकड्यावर आलं आणि पुढे काही तास कमी व्हायचं थांबलं, की समजायचं वाळली.

आता धुवायचं कशाला, तर डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या पिसांखाली जो मऊ फुलोरा असतो तो. त्याचे बारीक तंतू पसरतात आणि मधे हवा धरून ठेवतात, ऊब त्या हवेची असते. चार वर्षांचा घाम, डोक्याचं तेल, सनस्क्रीन, हे सगळं कापडातून आत झिरपतं आणि तंतू एकमेकांना चिकटतात. गोळे होतात, फुगवटा जातो, थंडी वाजायला लागते. लोक म्हणतात बॅग जुनी झाली, पुष्कळदा ती नुसती मळलेली असते.

साबण मात्र डाऊनचाच वापरा, निकवॅक्स किंवा ग्रेंजर्सचं डाऊन वॉश मिळतं, ऑनलाइन मागवलं तर तीन चार दिवसांत येतं. साधी पावडर नको कारण त्या फुलोऱ्यावर निसर्गतःच थोडं तेल असतं, कडक डिटर्जंटने ते निघून जातं आणि तंतू कोरडे, ठिसूळ होतात. शिवाय पावडरचे कण आत अडकून बसतात. ब्लीच नाही, कम्फर्टसारखं सॉफ्टनर तर मुळीच नाही, त्याने तंतूंवर थर बसतो. ड्रायक्लीन पण नको, त्यातलं सॉल्व्हंट तेच तेल काढून घेतं. आईंना सांगा की शालूला जे चालतं ते हिला चालत नाही.

टॉप लोड मशीनमध्ये टाकू नका. मधला खांब किंवा खालची फिरणारी तबकडी बॅगेला पीळ देते आणि आतल्या कप्प्यांच्या शिवणी फाटतात. कप्पे एकदा फाटले की डाऊन एकीकडे सरकतं, मग तिथे नुसतं कापड राहतं आणि ते दुरुस्त करणारं माणूस शोधून मिळत नाही. फ्रंट लोड हवं, आठ नऊ किलोचा ड्रम, म्हणजे बॅग आत मोकळी फिरते. आधी साबणाचा ड्रॉवर काढून धुवून घ्या, त्यात जुनी पावडर असतेच. बॅग उलटी, चेन लावलेली, वेलक्रो बंद. ३० डिग्री, डेलिकेट सायकल, स्पिन कमी. साबण बाटलीवर लिहिलाय तेवढाच. नंतर रिन्स एकदा एक्स्ट्रा, मग अजून एकदा, फेस दिसायचा बंद होईपर्यंत.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, ओली बॅग एका टोकाला धरून उचलू नका. पाण्याने डाऊन जड होतं आणि सगळा भार आतल्या पातळ पडद्यांवर येतो. माझी पहिली बॅग मी अशीच घालवली, बाथरूममधून खांद्यापाशी धरून उचलली आणि आतून टरकन आवाज आला, तो आवाज अजून आठवतो. खाली दोन्ही हात घालून, झोपलेलं मूल उचलतो तशी उचला, नाहीतर टबमध्येच ठेवून न्या.

नौपाडा_सह्यवेडी (२५ मे)

गिअररूम दादांनी मशीनचं सांगितलंय, मी हाताने धुवायचं सांगते, कारण आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये फ्रंट लोड नाही आणि बाथटबचा तर प्रश्नच नाही. माझ्याकडे दोन बॅगा, एक डाऊनची, एक साधी सिंथेटिक.

मी भाचीचा हवा भरायचा छोटा स्विमिंग पूल वापरते, तो गॅलरीत लावते आणि बादलीने कोमट पाणी भरते. आधी नुसत्या टोपीच्या आणि गळ्याच्या भागावर मऊ टूथब्रशने थोडं डाऊन वॉश लावून घासते, सगळा मळ तिथेच असतो. मग बॅग पाण्यात ठेवून हलकं हलकं दाबत राहायचं, आतली हवा बाहेर येते तसतशी ती हळूहळू बुडते, आधी तर तरंगतच राहते, घाबरू नका. मी चक्क पायाने दाबते, अनवाणी, गोधडी तुडवतात तसं पण फार हळू. एक तास तसंच भिजू द्यायचं. पहिलं पाणी माझं चहासारखं निघालं होतं, ते बघून वाटलं यात आपण तोंड घालून झोपत होतो! मग पाणी सोडायचं, बॅग दाबून पाणी काढायचं, पिळायची नाही, धोपटायची तर मुळीच नाही. साबण निघायला पाच वेळा पाणी बदलावं लागलं, अर्धा दिवस गेला आणि कंबर दुखली, पण बॅग उत्तम झाली. डाऊन ओलं असताना एक प्राण्यासारखा वास येतो, ओल्या कोंबडीसारखा म्हणा ना, तो वाळल्यावर जातो. पूर्ण वाळल्यावर पण सडका वास राहिला तर मात्र आतलं डाऊन कुजलंय असं समजायचं.

ज्यांच्याकडे सिंथेटिक आहे त्यांना एवढं टेन्शन नाही. मी माझी ईझीने धुते, लोकरीच्या कपड्यांना वापरतो तेच, आणि थंडीच्या दिवसात ती दीड दोन दिवसांत वाळते. घट्ट बांधून ठेवायची नाही हे मात्र तिलाही लागू, तिच्यातले तंतू एकदा मोडले की धुवून पण परत उभे राहत नाहीत, उलट डाऊन बऱ्याचदा परत येतं.

आणि खरं सांगू का, धुवायची वेळच कमी यावी म्हणून लायनर वापरा, म्हणजे बॅगेच्या आत घालायची पातळ कापडी खोळ. मी आईच्या जुन्या सुती साडीचं शिवलंय, साडी लांबीत दुमडायची, खाली आणि एका बाजूने शिवण, वरून मोकळं, झालं. वजन चारशे ग्रॅमच्या आत. ट्रेकवरून आलं की लायनर धुवायला टाकते, बॅगेला नुसती हवा देते. साडी नऊवारी असेल तर दोन लायनर निघतात.

घोडबंदरचा_ट्रेकर (२५ मे)

दोघांचेही खूप आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. बॅग कालपासून पंख्याखाली आहे, कुबट वास बराच कमी झालाय. सुरुवातीला १२४० ग्रॅम भरली, आज सकाळी १२१५, म्हणजे २५ ग्रॅम पाणी नुसतं हवेने गेलं. डाऊन वॉश मागवलंय. धुवायला ताईच्या घरी नेईन, तिच्याकडे फ्रंट लोड आहे. पण वाळवायचं काय, ड्रायर लागतो असं वाचलं, तो आपल्याकडे कोणाच्या घरी असतो? ताईचं मशीन वॉशर-ड्रायर आहे ते चालेल का?

कोपरखैरणे_लाँड्री (२६ मे)

मी लाँड्रीच्या धंद्यात आहे, १६ वर्षं झाली, नवी मुंबईतच. ट्रेक मी करत नाही पण ट्रेकवाली मुलं दर मेमध्ये आणि दिवाळीनंतर बॅगा घेऊन येतात म्हणून लिहितो.

घरच्या वॉशर-ड्रायरमध्ये अडचण ही की धुवायची क्षमता जास्त आणि वाळवायची कमी असते, आठ किलो धुवायचं लिहिलं असेल तर वाळवायचं साधारण पाच. बॅग वजनाने तेवढी नसते, पण फुगली की ड्रम भरून जातो, आतून हवा खेळत नाही, मग बाहेरचं कापड तापतं आणि मधलं डाऊन ओलंच. तुम्हाला मोठ्या ड्रमचा ड्रायर हवा, लाँड्रीत १५ किलोच्या वरचे असतात ते. कुठल्याही लाँड्रीत जाऊन सरळ सांगा की धुवायची नाहीये, पेट्रोल वॉश म्हणजे ड्रायक्लीन नको, फक्त लो हीटवर टंबल करून द्या, तासाचे पैसे घ्या. दुपारी दोन ते पाच काम कमी असतं तेव्हा विचारा, आणि शक्यतो स्वतः तिथे बसा. हे मी माझ्याच धंद्याबद्दल सांगतोय, पण पोऱ्या नवीन असेल तर तो चादरीच्या सेटिंगवर लावणार. चादर कॉटनची असते, ती सहन करते. बॅगेचं नायलॉन इतकं पातळ असतं की ड्रमच्या गरम पत्र्याला चिकटून आकसतं आणि त्यावर इलाज नाही. वीस मिनिटांनी दार उघडून हात लावायचा, कापड कोमट लागलं पाहिजे, गरम नाही.

सोबत तीन टेनिस बॉल न्या, नवे. गल्लीत खेळलेले नकोत, त्यांचा रंग आणि माती कापडाला लागते. बॉल आत आपटत राहतात आणि डाऊनचे गोळे फोडतात. दर अर्ध्या तासाला बॅग बाहेर काढून ट्यूबलाइटसमोर धरा, जिथे काळपट गठ्ठा दिसेल तो दोन बोटांनी हलका सोडवा, ओढू नका, मग बाजू उलटून परत आत. पहिला तास काहीच फरक दिसत नाही, बॅग ओल्या फडक्यासारखी लोळत असते, लोक तिथेच हताश होतात. दुसऱ्या तासाच्या शेवटी एकदम फुगायला लागते. डाऊनला तीन तास धराच, जाडजूड असेल तर चार पण लागतात.

ड्रायरमध्ये टाकायच्या आधी स्पिन अजून एकदा मारून घ्या, जेवढं पाणी स्पिनमध्ये जाईल तेवढा ड्रायरचा वेळ वाचतो.

वर्तकनगर_काका (२६ मे)

एवढ्या भानगडी कशाला, हे मला प्रामाणिकपणे विचारायचंय. आमच्या घरी दरवर्षी मेमध्ये गाद्या, उशा, रजया सगळं गच्चीवर जातं. सावरीच्या उशा दोन दिवस कडक उन्हात ठेवल्या की कशा फुलून येतात ते सगळ्यांनी बघितलंय, वास जातो, कसर मरते, वर्षभर बघावं लागत नाही. पिसांना पण तेच लागू व्हायला हवं. मेचं ऊन फुकट आहे.

नेरूळ_गिअररूम (२६ मे)

काका, सावरीच्या उशीचं तुमचं म्हणणं अगदी बरोबर, पण तिला वर जाड सुती खोळ असते आणि ती कधी धुतलेली नसते, फक्त दमट असते. इथे वरचं कापड अगदी पातळ नायलॉन आहे आणि उन्हातले अतिनील किरण नायलॉनला हळूहळू कमजोर करतात. एका दिवसात काही फाटणार नाही, पण दरवर्षी दोन दोन दिवस कडक ऊन दिलं तर कापड विरतं, रंग उडतो, मग चेन ओढताना फाटतं. शिवाय मेच्या दुपारी गच्चीची फरशी इतकी तापते की पाय ठेवता येत नाही. म्हणून मी सकाळचं कोवळं ऊन देतो, अर्धा पाऊण तास, तेही खाली चादर घालून, बाकी सगळं सावलीत हवेवर. वास जायला तेवढं पुरतं.

ड्रायर अजिबात मिळालाच नाही तर सावलीत पण वाळते, फक्त आत्ताच्या हवेत तीन चार दिवस लागतील आणि दर दोन तासांनी गोळे फोडत बसावं लागेल. रात्री बेडरूममध्ये पसरून एसी ड्राय मोडवर लावा, तो खोलीतलं पाणी ओढून घेतो. मी दोन पावसाळे असंच भागवलंय.

वर्तकनगर_काका (२६ मे)

नायलॉनचं लक्षात आलं नव्हतं, मान्य. नातवाची बॅग मागच्या वर्षी मीच दोन दिवस गच्चीवर टाकली होती, तिचा निळा रंग फिका झालाय तो त्यामुळेच असणार. यंदा सकाळचंच ऊन देईन.

घोडबंदरचा_ट्रेकर (१ जून)

झालं! सगळं लिहितो म्हणजे पुढच्या माणसाला उपयोग होईल.

शनिवारी ताईकडे मशीनमध्ये लावली. ड्रॉवर काढून बघितला तर खरंच मागे पावडरचा दगड झालेला, तो खरवडून काढला. पहिल्या दहा मिनिटांत काचेतून दिसत होतं की बॅग पाण्यावर फुग्यासारखी तरंगतेय, आत पाणी शिरतच नव्हतं, म्हणून मशीन थांबवून, पाणी काढून, हाताने दाबून हवा काढली आणि परत सुरू केलं. तीन रिन्स झाल्या. निघाली तेव्हा बघून पोटात गोळाच आला, एवढी मोठी बॅग आणि ओल्या ओढणीसारखी चपटी, आत काहीच नाही असं वाटत होतं. दोन्ही हातांवर घेऊन टबात ठेवली. दोन स्पिननंतर वजन २०६० ग्रॅम, म्हणजे ८५० ग्रॅमच्या आसपास पाणी आतच होतं.

लाँड्री शोधायला वेळ लागला, दोन ठिकाणी नाही म्हणाले, तिसऱ्या ठिकाणच्या काकांनी ऐकून घेतलं आणि मला स्टूल दिलं बसायला. साडेतीन तास बसलो. बाबा पण आले होते, ते ट्यूबलाइटसमोर बॅग धरून गोळे शोधत होते आणि मी सोडवत होतो. लाँड्री दादांनी लिहिलं होतं तसंच, दीड तास काही नाही आणि मग दार उघडलं तर एकदम फुललेली. बाबा म्हणाले ही आपली बॅग नव्हेच, बदलली यांनी. घरी आणून मोजली तर १२३०, म्हणजे हाताला पूर्ण कोरडी लागत होती पण १५ ग्रॅम तरी पाणी आत होतं. ही गोष्ट काट्याशिवाय मला कधीच कळली नसती, मी तशीच ठेवून दिली असती. मग दोन रात्री एसीच्या ड्राय मोडवर बेडरूममध्ये, दिवसा पंख्याखाली. काल सकाळी ११९०, काल रात्री ११९०, आज सकाळी पण ११९०. धुवायच्या आधीच्या कोरड्या वजनापेक्षा २५ ग्रॅम कमी, तेवढा मळच होता असं मी धरून चाललोय. वास शून्य. पायाकडचे गोळे गेले.

आता शेवटचा प्रश्न. ठेवू कुठे? माळ्यावर तर ठेवणार नाही आता. बेडच्या आतल्या बॉक्समध्ये जागा आहे, आई म्हणते डांबरगोळ्या टाकून प्लास्टिकच्या पिशवीत बंद कर.

नेरूळ_गिअररूम (१ जून)

वाचून फार बरं वाटलं, बाबांना पण सांगा.

प्लास्टिक नको. पिशवी बंद करताना आतल्या हवेत जो ओलावा असेल तो तिथेच कोंडतो. व्हॅक्यूमवाली पिशवी तर आणखी वाईट, जागा वाचते पण चार महिने डाऊन चेपलेलं राहतं आणि फुगवटा पूर्ण परत येईलच असं नाही. रजईची जुनी सुती खोळ असेल ना घरात, तीच सगळ्यात छान, बॅग आत सैल सोडायची, घडी पण करायची नाही, नुसती भरायची. तिची छोटी पिशवी बाजूला ठेवा, ती फक्त प्रवासापुरती. खोळ नसेल तर दोन मोठे अभ्रे एकत्र शिवून घ्या.

बेडचा बॉक्स टाळा, जमिनीलगत असतो, हवा खेळत नाही, पावसाळ्यात त्यातल्या चादरींना कसा वास येतो आठवा. कपाटाचा वरचा कप्पा बघा, पण ते कपाट पश्चिमेच्या किंवा बाहेरच्या भिंतीला चिकटून नसावं, आपल्याकडे पावसाचा मारा त्याच बाजूने असतो आणि ओल आधी तिथेच येते. घरातल्या आतल्या भिंतीचं कपाट निवडा. मी तर खोळ हँगरला अडकवून कपड्यांसारखी लटकवतो.

डांबरगोळ्यांचा वास डाऊनमध्ये बसला की महिनोन्‌महिने जात नाही, आणि रात्रभर त्यात नाक खुपसून झोपायचंय, बाबांना तर नकोच. ओलाव्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये तापवून परत निळे करता येतात. त्या डब्या मिळतात ना ज्यात हळूहळू पाणी जमतं, त्या पण चांगलं काम करतात, फक्त कपाटाच्या तळाशी ठेवा, बॅगेजवळ नको, कलंडली तर ते खारट पाणी सगळं बॅगेत जाईल. आणि महिन्यातून एकदा, ज्या दिवशी पावसाने उघडीप दिली असेल त्या दिवशी बॅग काढून झटकायची, तासभर पंख्याखाली ठेवायची, परत आत. जुलैमध्ये उघडीप मिळत नाही तेव्हा एसीच्या खोलीत.

नौपाडा_सह्यवेडी (१ जून)

मस्तच झालं की! एक अजून, पुढच्या ट्रेकला सकाळी उठल्या उठल्या बॅग गुंडाळू नका. रात्रभर अंगातून वाफ जात असते, ती बॅगेतच अडकलेली असते. चहा नाश्ता होईपर्यंत उलटी करून टेंटवर टाकायची, वीस मिनिटं पण पुरतात. आणि थंडीने तोंड आत घेऊन झोपू नका, श्वासाचं सगळं पाणी डाऊनमध्ये जातं, त्यापेक्षा बफ किंवा मफलर नाकावर घ्या. आणि बाबांच्या बॅगेला लायनर शिवा, धुवायचं लांबणीवर पडतं.

पनवेल_भटक्या (३ जून)

विषय चालूच आहे म्हणून विचारतो, दर ट्रेकनंतर धुवायची का? मी महिन्यातून एकदा राजमाची, हरिश्चंद्रगड असं जातो, बॅग सिंथेटिक.

नौपाडा_सह्यवेडी (३ जून)

नाही नाही, प्रत्येक धुण्याने थोडी झीज होतेच. लायनर वापरत असाल तर वर्षातून एकदा खूप झालं, दिवाळीनंतर हवा कोरडी असते तेव्हा. मधे फक्त हवा द्या आणि गळ्याचा भाग ओल्या फडक्याने पुसा. चिखल लागला असेल तर तेवढाच डाग धुवा, तो भाग आतल्या भरावापासून बोटांनी वेगळा ओढून धरायचा म्हणजे आतलं भिजत नाही.

घोडबंदरचा_ट्रेकर (१९ जुलै)

अपडेट देतो. पाऊस धो धो चालू आहे, आमच्या हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीला पापुद्रे सुटलेत आणि चामड्याच्या दोन पट्ट्यांवर बुरशी आली. बॅग आतल्या खोलीच्या कपाटात आजीच्या रजईच्या खोळीत लटकवली आहे. आज काढली, १२०५ ग्रॅम भरली, म्हणजे हवेतला ओलावा थोडा घेतलाच आहे, पण वास नाही, ठिपके नाहीत. सिलिकाचे दाणे गुलाबी झाले होते, ते तापवून बदलले. आता एसी लावून पसरली आहे. आईने तिच्या दोन सुती साड्या काढून दिल्यात, शेजारच्या काकू बाबांचं आणि माझं लायनर शिवतायत. १५ ऑगस्टच्या सुट्टीत परत मोजेन, आकडा इथेच टाकतो.